सांगाडा कायम, मजकूर हंगामी
वरचेवर प्रदर्शनात उतरणाऱ्या व्यवसायांसाठी मॉड्युलर स्टॉल

मॉड्युलर स्टॉल म्हणजे ठरावीक मापाच्या सुट्या भागांतून उभा राहणारा स्टॉल. प्रदर्शन संपले की तो उकलून परत नेता येतो आणि पुढच्या वेळी वेगळ्या आकारात जोडता येतो. खांब, आडव्या पट्ट्या, भिंतीचे फलक, टेबल, फळ्या, दिवे आणि छापील पडदे हे त्याचे भाग. सुताराकडून लाकूड-प्लायमध्ये करून घेतलेला स्टॉल एका जागेच्या मापाने बेतलेला असतो. तो उभा करायला दोन दिवस लागतात, आणि प्रदर्शन आटोपले की त्यातले बरेचसे सामान भंगारात जाते. वर्षातून एखाद्याच प्रदर्शनात उतरणाऱ्याला हे चालून जाते. वर्षभरात चार, सहा किंवा आठ ठिकाणी स्टॉल लावणाऱ्या व्यवसायाला मात्र तोच खर्च, तीच धावपळ आणि तीच नासाडी पुन्हा पुन्हा सोसावी लागते. अशा व्यवसायासाठी स्टॉल हे तिफणीसारखे वर्षानुवर्षे वापरायचे अवजार ठरते, आणि अवजार जसे पारखून घ्यावे, जपून ठेवावे, तसेच स्टॉलचेही करावे लागते.

परभणीचे प्रदर्शन-वर्ष

परभणी जिल्ह्यात प्रदर्शनांचे वर्ष शेतीच्या हंगामाप्रमाणे चालते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. स्थापनेचा हा दिवस खरिपाच्या तोंडावर येतो, आणि त्या दिवशी विद्यापीठात खरीप शेतकरी मेळावा भरतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, म्हणजे १७ सप्टेंबर, रब्बीच्या उंबरठ्यावर येतो. त्या वेळी रब्बी मेळावा होतो. दोन्ही मेळाव्यांना जोडून कृषी प्रदर्शन असते. विद्यापीठाचे विभाग, कृषी विज्ञान केंद्रे, बियाणे व खते विकणाऱ्या कंपन्या, ठिबक आणि तुषार संचांचे विक्रेते, अवजारे बनवणारे कारखानदार, बँका आणि महिला बचत गट तिथे आपापले स्टॉल लावतात. बियाण्यासाठी शेतकरी सकाळपासून रांगेत उभे असतात, आणि मोकळे झाले की स्टॉलवरून फिरतात.

हा झाला घरचा कार्यक्रम. त्यापलीकडे कृषी विभाग आणि ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) यांचे जिल्हा कृषी महोत्सव असतात. ‘उमेद’ (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्याशी जोडलेल्या बचत गटांच्या उत्पादनांची विक्री-प्रदर्शने भरतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिच्यातही कृषी प्रदर्शन असते. पुण्याजवळ मोशीला डिसेंबरात ‘किसान’चे पाच दिवसांचे प्रदर्शन होते. नागपूरला २००९ पासून ‘ॲग्रोव्हिजन’ भरते. परभणी, मानवत, सेलू किंवा गंगाखेडचा एखादा अवजार कारखानदार, बियाणे विक्रेता किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांतल्या चार-पाच ठिकाणी जायचे ठरवते, तेव्हा प्रत्येक ठिकाणची जागा वेगळी निघते. कुठे ताडपत्रीच्या मंडपात एक टेबल मिळते, कुठे तीन बाजू बंद असलेला तयार गाळा, कुठे नुसती आखलेली मोकळी जमीन. एकच सामान या तिन्ही जागी चालले पाहिजे, ही मॉड्युलर स्टॉलकडून पहिली अपेक्षा.

कल्पना जुनी, साधने नवी

सारख्या मापाचे भाग कारखान्यात करून जागेवर जोडायचे, ही कल्पना प्रदर्शनांच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्यासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी आखलेला ‘क्रिस्टल पॅलेस’ ओतीव लोखंड आणि काच यांचा होता. खांब, तुळया आणि काचा ठरावीक मापांच्या असल्यामुळे एवढी अवाढव्य इमारत काही महिन्यांत उभी राहिली. प्रदर्शन संपल्यावर ती उकलण्यात आली आणि १८५४ मध्ये लंडनच्याच सिडनहॅम भागात वाढीव रूपात पुन्हा उभी करण्यात आली.

आजच्या स्टॉलच्या दृष्टीने दोन टप्पे महत्त्वाचे ठरले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत अष्टकोनी ॲल्युमिनियम खांबांची जोडणी पद्धत पुढे आली. तिच्या नावावरूनच भारतातले मंडप-ठेकेदार अशा सगळ्या गाळ्यांना सरसकट ‘ऑक्टोनॉर्म’ म्हणतात, बनवणारा कोणीही असो. दुसरा टप्पा अमेरिकेतला. थिओडोर झिग्लर यांना १९७६ मध्ये घडी होणाऱ्या आणि उघडल्यावर आपल्या बळावर उभ्या राहणाऱ्या सांगाड्याचे पेटंट मिळाले. एकमेकांत गुंफलेल्या बारीक दांड्यांची जाळी ओढली की भिंत तयार होते आणि मिटली की पिशवीत मावते. ‘पॉप-अप स्टँड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पार्श्वभिंती या जातीच्या.

खांब आणि पट्टी कशी जुळते

अष्टकोनी खांबाला आठही अंगांनी उभ्या खाचा असतात. दोन शेजारच्या खाचांमध्ये ४५ अंशांचा कोन असतो, त्यामुळे भिंत सरळ नेता येते, काटकोनात वळवता येते किंवा तिरपी घेता येते. आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना आत एक आकडा बसवलेला असतो. पट्टीचे टोक खांबाच्या खाचेत सारायचे आणि बाजूच्या छिद्रात ॲलन की घालून फिरवायची. आकडा आत ओढला जातो, खाचेच्या ओठाला घट्ट धरतो आणि जोड पक्का होतो. खिळा नाही, भोक पाडणे नाही, डिंक नाही. उलटे फिरवले की जोड सुटतो.

खाली एक पट्टी, वर एक पट्टी आणि मध्ये खाचांत सरकवलेला फलक, असा भिंतीचा एक खण तयार होतो. त्याची रुंदी साधारण १ मीटर आणि उंची अडीच मीटरच्या जवळपास असते. फलक बहुधा पांढऱ्या लॅमिनेटचा किंवा हलक्या प्लॅस्टिकचा असतो. समोर वरच्या बाजूला आडवी नामपट्टी येते, तिला व्यवसायात ‘फॅसिया’ म्हणतात. आयोजक ‘शेल स्कीम’ म्हणून जो तयार गाळा देतात, तो बहुतेक असाच असतो: ३ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर जागा, तीन बाजूंना भिंती, नामपट्टी, टेबल-खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि विजेचा एक प्लग. याउलट ‘रॉ स्पेस’ म्हणजे मोकळी जागा. तिथे भिंतींपासून दिव्यांपर्यंत सगळे स्टॉलधारकाचे.

ॲल्युमिनियम पसंत करण्याचे कारण त्याच्या वजनात आहे. सारख्या आकारमानाच्या पोलादाच्या तुलनेत ते सुमारे एक तृतीयांश भरते. शिवाय त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. दोन माणसे शिडी आणि किल्ली घेऊन ९ चौरस मीटरचा गाळा अर्ध्या दिवसाच्या आत उभा करू शकतात, आणि त्यासाठी सुतार असण्याची गरज पडत नाही.

नऊ फलकांचा हिशेब

भाग तेच ठेवून आकार बदलण्याची सोय नेमकी कशी चालते, हे १ मीटर रुंदीच्या ९ फलकांवरून स्पष्ट होते. ३ बाय ३ मीटरचा, तीन बाजू बंद असलेला गाळा करायचा तर मागे ३ आणि दोन्ही बाजूंना ३-३ असे ९ फलक लागतात. ते एका सलग ओळीत येतात, त्यामुळे खांब १० लागतात. फलकामागे खाली-वर एकेक धरून १८ पट्ट्या, आणि नामपट्टीसाठी समोरच्या वेगळ्या.

आता हाच संच दुसऱ्या प्रदर्शनात कोपऱ्यावरच्या ६ बाय ३ मीटर जागेत न्यायचा आहे. कोपऱ्यावरचा गाळा दोन बाजूंनी उघडा असतो. मागे ६ आणि एका बाजूला ३ फलक लावले की ९ च होतात. खांबही १० च. जागा दुप्पट झाली आणि नवे काहीही विकत घ्यावे लागले नाही.

तिसऱ्या ठिकाणी कोपऱ्यावरचीच, पण ३ बाय ३ मीटरची जागा मिळाली, तर मागे ३ आणि बाजूला ३ असे ६ फलक पुरतात. उरलेल्या ३ पैकी २ फलकांनी आतल्या कोपऱ्यात १ मीटर बाय १ मीटरची छोटी कोठी करता येते. तिचा एक फलक दाराचा ठेवायचा. या मांडणीला ८ खांब लागतात. एक फलक आणि दोन खांब राखीव राहतात. कोठीत माहितीपत्रकांचे गठ्ठे, पाण्याचा जार, जेवणाचे डबे आणि पिशव्या जातात. दर्शनी भागात गोण्या आणि खोकी पडलेली दिसली नाहीत की लहान स्टॉलही नीटनेटका वाटतो.

म्हणून खरेदीच्या आधी कागदावर असे दोन-तीन आराखडे काढून पाहावेत. गेल्या दोन वर्षांत कोणत्या मापाच्या जागा मिळाल्या, त्यांतले कोणते माप वरचेवर आले, हे पाहून फलकांची संख्या ठरवावी. मोठ्यात मोठ्या जागेसाठी संच घेतला, तर वर्षातले बहुतेक दिवस त्याचा निम्मा भाग गोदामात पडून राहतो. वरचेवर येणाऱ्या मापाइतका संच विकत घेऊन एखाद्या मोठ्या प्रदर्शनाला वाढीव भाग भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे.

कोणाला काय पुरते

सगळ्यांना भिंतींचा संच लागतोच असे नाही. आयोजक तयार गाळा देत असतील तर आतली मांडणी तेवढी आपली असावी लागते. बचत गटाच्या मसाले-पापडांच्या स्टॉलला घडीचे टेबल, त्यावर चढत्या पायऱ्यांची सुटी मांडणी, मागे एक छापील कापडी पडदा आणि दोन बाजूंना दोन रोल-अप स्टँडी एवढे पुरते. साधारण ३ बाय ६ फुटांची स्टँडी गुंडाळून पिशवीत जाते आणि एसटीतूनही नेता येते. ती स्वस्त आहे, पण मैदानात वारा सुटला की पहिली तीच पडते. मंडपाबाहेर ठेवायची तर पायाला वजन बांधणे भाग आहे.

पॉप-अप भिंत मागे उभी करायला काही मिनिटे लागतात. तिच्यावर फळ्या फारशा पेलत नाहीत. बँक, विमा, प्रशिक्षण संस्था यांच्यासारख्या, वस्तू कमी आणि माहिती जास्त असलेल्या स्टॉलसाठी ती योग्य.

कापडी चौकट हा प्रकार अलीकडे बराच रुळला आहे. ॲल्युमिनियमच्या चौकटीला सभोवार खाच असते, आणि छापील पॉलिस्टर कापडाच्या कडेला सिलिकॉनची बारीक पट्टी शिवलेली असते. ही पट्टी खाचेत दाबली की कापड ढोलाच्या पानासारखे ताणून बसते. बसवताना आधी चारही कोपरे दाबायचे, मग प्रत्येक बाजूचा मध्य, आणि शेवटी उरलेली कड. एका टोकापासून दाबत गेले तर दुसऱ्या टोकाला कापड कमी पडते किंवा चुणी येते. उतरवलेला पडदा घडी करून पिशवीत राहतो. चौकट तीच ठेवून पडदा बदलला की स्टॉलचे रूप पालटते.

अवजारे विकणाऱ्याची गरज आणखी वेगळी. पेरणी यंत्र किंवा रुंद वरंबा-सरी यंत्र हेच त्याचे प्रदर्शन असते. त्याला मोकळी जमीन, वर छत, आणि दुरून दिसेल असा उंच फलक हवा असतो. इथे महागडी ॲल्युमिनियम भिंत वाया जाते. गावातल्याच वेल्डिंग वर्कशॉपमध्ये चौकोनी लोखंडी पाइपच्या, नट-बोल्टने जुळणाऱ्या चौकटी सारख्या मापाने करून घेतल्या, तर तीही मॉड्युलर पद्धतच होते. ती जड असते, रंग दर एक-दोन वर्षांनी द्यावा लागतो; पण खर्च आटोक्यात राहतो आणि मोडतोड झाली तर दुरुस्ती गावातच होते.

मजकूर हंगामाप्रमाणे

परभणीच्या स्टॉलधारकाला मॉड्युलर पद्धतीचा खरा उपयोग इथे होतो. मे महिन्यात समोर येणारा शेतकरी सोयाबीन, तूर, कापूस, मूग, उडीद यांचा विचार करत असतो. सप्टेंबरात तोच शेतकरी हरभरा, ज्वारी, करडई यांबद्दल विचारतो. विद्यापीठाच्या वाणांचाच दाखला घेतला, तरी खरिपाच्या फलकावर ‘एमएयूएस-१५८’, ‘एमएयूएस-६१२’ हे सोयाबीनचे आणि ‘बीडीएन-७११’ हा तुरीचा वाण येईल. रब्बीच्या फलकावर ‘परभणी मोती’ ज्वारी आणि ‘परभणी कुसुम’ करडई. दुकानाचे नाव, बोधचिन्ह, पत्ता आणि विक्रीची मुख्य ओळ मात्र दोन्ही वेळी तीच असते.

म्हणून छपाईचे तीन थर ठरवावेत. पहिला थर कायमचा: नाव, चिन्ह, रंग. तो चांगल्या कापडावर किंवा पक्क्या फलकावर करावा आणि त्यावर वर्ष, भाव, सवलत यांतले काहीही छापू नये. दुसरा थर हंगामाचा: पिके, वाण, यंत्रे. त्याचे खरीप आणि रब्बी असे दोन पडदे ठेवावेत. ते दोन-तीन वर्षे चालतात. तिसरा थर त्या दिवसाचा: भाव, शिल्लक साठा, कार्यक्रमाची वेळ. तो कागदावर किंवा खडूच्या फळ्यावरच लिहावा. बऱ्याच स्टॉलवर हे तिन्ही थर एकाच फ्लेक्सवर छापलेले असतात. भाव बदलला की सगळा फ्लेक्स टाकून द्यावा लागतो.

अक्षरांच्या आकारालाही नियम आहे. १० फुटांवरून आरामात वाचायचे तर अक्षराची उंची किमान १ इंच हवी, असे ढोबळ प्रमाण फलक रंगवणारे पाळतात. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन अक्षरांपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते, नाहीतर ओळी एकमेकींत घुसतात. गर्दी असली की फलकाचा कमरेखालचा भाग दिसतच नाही. महत्त्वाचा मजकूर जमिनीपासून ४ ते ६ फुटांच्या पट्ट्यात आणि नाव त्याच्या वर असावे.

आणि शेवटी, लोक स्टॉलवर थांबतात ते वस्तूसाठी. सोयाबीनच्या स्टॉलवर उगवणशक्ती तपासण्याची घरगुती रीत मांडता येते. ओल्या गोणपाटावर १०० दाणे १०-१० च्या ओळींत ठेवून गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण धरली जाते. आधी तयार केलेली एक गुंडाळी टेबलावर उलगडून ठेवली, तर शेतकरी वाकून स्वतः कोंब मोजतो, शेजाऱ्याला दाखवतो आणि मग प्रश्न विचारतो. असे टेबल कंबरेच्या उंचीचे, वरून उजेड पडणारे आणि तीन बाजूंनी मोकळे हवे. आराखडा काढताना आधी या टेबलाची जागा धरावी आणि मग भिंती बसवाव्यात.

ऊन, पाऊस आणि काळी जमीन

मोठ्या शहरांतली प्रदर्शन केंद्रे बंदिस्त आणि फरशीची असतात. मराठवाड्यातली बहुतेक प्रदर्शने मैदानात, मंडपाखाली भरतात, आणि स्टॉल विकणाऱ्या कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत याचा विचार नसतो. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात ठेवलेल्या फलकावरचा चिकटवलेला व्हिनाइल कागद कडेने सुटू लागतो आणि गडद रंगाचे पृष्ठ हात लावू देत नाही. बाहेरच्या बाजूला फिके रंग आणि चिकटवण्याऐवजी ताणून बसवायचे कापड चांगले टिकते. सावलीसाठी समोर दीड-दोन मीटरचे छत पुढे काढले, तर शेतकरी तिथे थांबतो आणि बोलणे होते.

सप्टेंबरातली अडचण जमिनीची. काळी माती भिजली की खांबाचे बारीक पाय खाली रुततात, गाळा एका अंगाला कलतो आणि वरच्या पट्टीवर ताण येऊन आकडे वाकतात. प्रत्येक खांबाखाली प्लायचा किंवा लोखंडी पत्र्याचा वीतभर चौकोन ठेवला तर भार पसरतो. खांबाच्या पायाला उंची कमी-जास्त करणारे स्क्रू असतील तर उंचसखल जमिनीवरही वरची ओळ पाणसळीत आणता येते. फलकाचा खालचा काठ जमिनीपासून थोडा वर ठेवावा, म्हणजे ओल चढत नाही. वाऱ्यासाठी मागच्या खांबांना वाळूच्या पिशव्या बांधाव्यात आणि मंडपाच्या मुख्य खांबाला दोरीने आधार घ्यावा. लांब सरळ भिंत वाऱ्यात डळमळते. मध्ये एखादा फलक काटकोनात आणला की ती स्वतःलाच टेकू देते.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. एलईडी दिवे कमी वीज घेतात आणि गरमही कमी होतात, म्हणून मंडपाच्या कापडाजवळ तेच वापरावेत. सुट्या वायरी पिळून टेप गुंडाळण्याऐवजी पक्क्या जोडाची एक्स्टेन्शन पेटी, तिच्यात एमसीबी, आणि जमिनीवरून जाणाऱ्या वायरवर रबरी झाकणपट्टी हा संचाचाच भाग मानावा.

खर्च कसा मांडावा

मॉड्युलर संचाची पहिली किंमत जास्त असते, त्यामुळे निर्णय एका प्रदर्शनाच्या खर्चावर घेतला तर तो नेहमी नकाराचाच येतो. हिशेब प्रदर्शनांच्या संख्येवर मांडावा लागतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा, लाकडी स्टॉल दर वेळी नव्याने करायला ३०,००० रुपये लागतात. मॉड्युलर संच १,२०,००० रुपयांना मिळतो आणि दर प्रदर्शनाला वाहतूक, मजुरी, किरकोळ छपाई मिळून ८,००० रुपये येतात. पाच प्रदर्शनांनंतर लाकडी स्टॉलवर १,५०,००० आणि मॉड्युलरवर १,६०,००० खर्च झालेले असतात. सहाव्या प्रदर्शनाला लाकडी स्टॉलचा आकडा १,८०,००० वर जातो आणि मॉड्युलरचा १,६८,००० वर राहतो. तिथून पुढे प्रत्येक प्रदर्शनामागे २२,००० रुपये वाचतात. प्रत्यक्षातले दर गावाप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतात, पण मांडणी हीच. वर्षाला तीन प्रदर्शने करणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत फिटतात. वर्षाला एक करणाऱ्याला सहा वर्षे थांबावे लागते, आणि त्याने भाड्यानेच घेतलेले बरे.

या हिशेबात तीन खर्च हमखास विसरले जातात: ठेवण्याची जागा, हरवलेले भाग आणि वर्षाआड नवे पडदे. दुसरीकडे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना प्रदर्शनातल्या जागाभाड्यासाठी केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या योजनेतून मदत मिळू शकते. अटी आणि मर्यादा बदलत असल्यामुळे जागा आरक्षित करण्याआधीच जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी.

नासाडीचाही विचार हवा. १ जुलै २०२२ पासून देशात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. त्याहून जाड फ्लेक्स चालतो, पण एका दिवसाच्या मेळाव्यासाठी छापलेला फ्लेक्स नंतर गोठ्यावर किंवा उकिरड्यावरच जातो. दोन-तीन वर्षे फिरणारा कापडी पडदा हा भार कमी करतो.

नेणे, मोजणे, ठेवणे

परभणीहून मोशी किंवा नागपूर शेकडो किलोमीटर दूर आहे. संच कोणत्या गाडीत जाणार हे खरेदीच्या वेळीच पाहावे. ‘छोटा हत्ती’ या लहान मालवाहू गाडीच्या हौद्याची लांबी सात फुटांच्या आसपास असते, आणि अडीच मीटरचा खांब आठ फुटांहून थोडा मोठा. खांब मागे बाहेर येतात, रस्त्यात आदळतात आणि टोकाच्या खाचा दबतात. एकदा खाच दबली की पट्टीचा आकडा तिच्यात शिरत नाही. मध्ये सांधा असलेले दोन तुकड्यांचे खांब घेतले किंवा लांब हौद्याचा पिकअप ठरवला, तर हे टळते.

प्रत्येक भागावर क्रमांक हवा आणि प्रत्येक पिशवीत त्या पिशवीतल्या भागांची यादी. खांब एका पिशवीत, पट्ट्या दुसऱ्या, फलक मध्ये कापड घालून उभ्या पेटीत, किल्ल्या आणि जादा आकडे डब्यात. प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना घरची ओढ असते आणि सामान नेमके तेव्हाच हरवते. यादी वाचून एकेक भाग मोजल्याशिवाय गाडी भरू नये. दोन पट्ट्या कमी पडल्या, तर पुढच्या गावी सगळी भिंत अडते.

साठवणीत गावाकडची दोन संकटे आहेत. धान्य-बियाण्याच्या गोदामात उंदीर असतात आणि ते कापडी पडदे कुरतडतात. पडदे पत्र्याच्या पेटीतच ठेवावेत. खताच्या गोदामात संच ठेवूच नये. खते हवेतली ओल ओढतात आणि त्यांच्या क्षारांनी धातूचे जोड खराब होतात. मेळावा चिखलात झाला असेल, तर खाचांतली माती ओली असतानाच ब्रशने काढावी. वाळलेली काळी माती सिमेंटसारखी बसते आणि पुढच्या वेळी आकडा सरकत नाही.

एक संच, अनेक धनी

लहान व्यवसायांना एकट्याने संच घेणे जड जाते. तिथे सामायिक मालकीचा मार्ग उपयोगी पडतो. बचत गटांचा प्रभागसंघ, शेतकरी उत्पादक कंपनी, व्यापारी संघटना यांपैकी कोणीही एक संच घ्यावा, सभासदांनी कायमचा सांगाडा वाटून वापरावा आणि प्रत्येकाने फक्त आपला पडदा आणि नामपट्टी स्वतःची ठेवावी. मसाल्याचा गट, गुळाचा गट आणि डाळमिल तिघेही त्याच खांबांवर उभे राहू शकतात. परभणीत १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. प्रक्रिया उद्योग शिकून बाहेर पडणाऱ्या नव्या उद्योजकांनाही असा सामायिक संच पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठा आधार देऊ शकतो. यासाठी तीन गोष्टी आधी लिहून ठेवाव्यात: संच कोणाच्या ताब्यात राहील, एकाच तारखेला दोघांनी मागितला तर कोणाला मिळेल, आणि भाग हरवला तर भरपाई कोण देईल.

सुरुवात करणाऱ्याने क्रम असा ठेवावा. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनांची यादी तारखा आणि जागेच्या मापांसह करावी. त्यातले वरचेवर येणारे माप शोधावे. त्या मापाचा संच आधी एका प्रदर्शनाला भाड्याने आणून, आपल्याच माणसांकडून उभा करून पाहावा. कोणते भाग कमी पडले, कोणते पडून राहिले, किती वेळ लागला याची नोंद करावी आणि मग खरेदी करावी. खरेदी करताना पुढच्या पाच वर्षांत तेच भाग सुटे मिळतील का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. वेगवेगळ्या कंपन्यांचे खांब दिसायला सारखे असले तरी एकाचा आकडा दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असे नाही, आणि जोडता न येणारा संच कितीही स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो.